दादाच्या हाताची सवय

आमचा दादा नेमबाज, पण लाडावलेला. त्याची जुनी रायफल अशी, की नुसता चाप ओढत राहायचं, पुढची गोळी आपली आपण वर येते. यंदा स्पर्धेसाठी मामाने त्याला बोल्टवाली दिली. हिचं सगळंच उलटं. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा, तेव्हा कुठे दुसरी. दादा विसरायचा आणि रिकामा चाप ओढत बसायचा. मी मागून टाळ्या वाजवायचो.

मामा रेंजवरचा उस्ताद. तो म्हणाला, "नजर निशाणावरून हलायची नाही. हाताला शिकव. झोपेतपण फिरला पाहिजे."

आणि फिरायलाच लागला की! जेवताना, दात घासताना. उचल, ओढ, ढकल, दाब.

"दादा, ताटात कुठला गियर टाकतोयस?"

तो हसला नाही. खिडकीबाहेर बघत होता. तारेवरचा कावळा धपकन पडला. मी जाऊन उलटा केला, तर छातीत करंगळी जाईल एवढं भोक, रक्त अजून कोमट. रायफल तर रेंजवर कुलपात होती.

मग शेजारचा कुत्रा. त्याचा जबडाच गेला होता.

मग न्हावी. दादा खुर्चीत, मी बाकड्यावर. दादा आरशातून न्हाव्याकडे बघत होता. अंगावरच्या कापडाखाली त्याचा हात फिरलेला मला दिसला. न्हावी काहीतरी जोक सांगत होता, तो अर्धाच राहिला. त्याचा गळा फुटला आणि आरसा लाल झाला. पोलिसांनी दुकान उपसलं, गोळी काही मिळाली नाही.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "मी मारत नाही रे. हात नुसता गोळी भरून ठेवतो. सारखी आईकडे नजर जाते माझी. बांध मला."

मी त्याचा हात कोपरापासून पंजापर्यंत खुर्चीला करकचून बांधला. बोटं तेवढी मोकळी ठेवली, रक्त चालायला नको का?

"भर आता," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी दादा हसला.

अंगणात आई दोरीवर चादरी वाळत घालत होती. दादाने तिकडे पाहिलं आणि लगेच डोळे घट्ट मिटले.

त्याचं पहिलं बोट हललं. परत हललं. थांबेचना.

"हलू दे रे! बोल्ट फिरलाच नाही, आत काही नाहीये."

"ही ती नाही," दादा कसाबसा म्हणाला. "ही जुनी."

पहिल्या चादरीच्या कडेला एक भोक पडलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग पुढचं, एका ओळीत, छातीएवढ्या उंचीवर.

"आई! खाली बस!"

"पुरे तुझी नाटकं," चादरींमागून आई म्हणाली. खाली तिचे पाय तेवढे दिसत होते. चिमटे लावत लावत ती त्या भोकांकडेच येत होती.