कबरीचा कान

मार्गिटबाई पहिल्यांदाच आफ्रिकेत आल्या होत्या, आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला सगळंच गोड वाटतं. धूळ गोड, चहा गोड, गाडीचे दणकेसुद्धा गोड. रानडुक्कर शेपूट वर करून पळालं तरी बाई टाळ्या पिटायच्या. त्यांचा नवरा युर्गन दुर्बीण डोळ्यांना लावून बसलेला असायचा. तो बोलायचा कमी आणि खायचा जास्त. काल संध्याकाळी सिरोंकाने दोघांना शेकोटीपाशी बसवून सिंहांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्या झोपायला जाईपर्यंत संपल्या नव्हत्या. मासाई मारा अभयारण्यातल्या गाइडांमध्ये सिरोंकाचं नाव होतं. आणि नाव असलेल्या गाइडाला सिंह दाखवल्याशिवाय पाहुणे परत नेता येत नाहीत.

"हत्ती झाले, जिराफ झाले," बाई म्हणाल्या. "आज मला ती फाटक्या ओठाची सिंहीण दाखव, सिरोंका. पिल्लंवाली. तिचा फोटो बघूनच तर मी इथे आले."

फाटक्या ओठाची कुठे असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. नदीकडच्या बाभळींत. पण सकाळीच सिरोंकाच्या धाकट्या भावाचा, पारसलोईचा फोन आला होता.

"दादा, आज नदीकडे गाडी नेऊ नकोस."

"का रे? चिखल झालाय का?"

"नेऊ नकोस म्हटलं ना," म्हणून त्याने फोन ठेवला होता.

अजून धुसफुसतोय, असं सिरोंकाला वाटलं. परवा फाटक्या ओठाची त्यांच्या गोठ्याच्या काटेरी कुंपणावरून आत आली आणि तिने कबरीला मारलं. कबरी आईची गाय. बाप गेला तेव्हा सगळा कळप मुलांना वाटून म्हातारीने ती एकटी स्वतःला ठेवली होती. तेव्हापासून म्हातारीने तोंडात घास घातला नव्हता. "तुझी ती लाडकी," पारसलोई सिरोंकाला म्हणाला होता, "तिच्या जिवावर तुझी चूल पेटते आणि आमची विझते." सिरोंका मान खाली घालून कामावर निघून आला होता.

"नेतोस ना रे?" बाईंनी पुन्हा विचारलं, आणि सिरोंकाने गाडी नदीकडे वळवली.

"अगबाई! सगळी झोपलीत!" बाई कुजबुजल्या. "युर्गन, बघ, आईच्या कुशीत कसं शिरलंय ते!"

बाभळीखाली फाटक्या ओठाची आडवी पडली होती. दोन पिल्लं थोडी पलीकडे पसरलेली. तिसरं तिच्या पोटाशी दूध शोधत होतं आणि त्याचं अंग थरथरत होतं. युर्गन फोटो काढू लागला. सिरोंकाने गाडी बंद केली आणि त्याला जाणवलं की इथे फार शांत आहे. ओढून आणलेली मेलेली गाय शेजारीच पडली होती, अर्धी खाल्लेली, पण तिच्यावर एकही माशी घोंगावत नव्हती. माश्या तिच्याभोवती मरून पडल्या होत्या. दोन गिधाडं पंख पसरून पालथी पडली होती. मांसात जांभळट दाणे दिसत होते, शेतावर किडीसाठी टाकतात तसले.

मग त्याने गाईचा डावा कान बघितला. ती कबरी होती.

टोकाला दुहेरी चीर आणि खाली अर्धगोल खाच. बापाची खूण. एका घराच्या गुरांचा कान दुसऱ्या घरासारखा नसतो, आणि मारातली कुठलीही म्हातारी लांबून कान बघून मालकाचं नाव सांगते. वनरक्षक तर सांगणारच. सिंहाला विष घालणारा तुरुंगात जातो तो केस पिकेपर्यंत सुटत नाही. पारसलोईची बायको पोटुशी होती. गाढवा, सिरोंका मनात म्हणाला, विषच घालायचं होतं तर कान तरी कापायचा होतास!

गाडी फिरवून निघून जाता आलं असतं. पण ते पिल्लू अजून जिवंत होतं, डॉक्टर आला तर कदाचित वाचलं असतं. गिधाडं येतच राहिली असती, गावातले कुत्रे आले असते. कळवायला तर हवंच होतं. इकडे आड, तिकडे विहीर. सिरोंकाने सुरी घेतली.

"खाली उतरू नका," तो म्हणाला आणि स्वतः उतरला.

बाईंनी तोंडावर हात दाबला. फाटक्या ओठाच्या तोंडातून फेस गळत होता. तिला मान उचलवत नव्हती, पण तिचा डोळा त्याच्याबरोबर सरकत होता. किती वर्षं ती त्याच्या गाडीच्या सावलीत येऊन बसायची! त्याला रडू येत होतं. त्याने तिच्याकडे पाठ केली, कान कापला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला.

"हे काय केलंस?" तो परतल्यावर बाईंनी विचारलं.

"रिवाज आहे आमचा," सिरोंका म्हणाला. तोंडाला येईल ते बोलत गेला. "गाय मेलेली दिसली की तिचा कान नेऊन पुरायचा. म्हणजे तिचा जीव कळपात परत येतो."

कसला रिवाज नि कसलं काय! पण बाईंचे डोळे भरून आले. "किती सुंदर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला.

"आणि ही झोपलेली नाहीत, बाई," तो म्हणाला. "कुणीतरी विष घातलंय." मग त्याने वायरलेसवर वनरक्षकांना बोलावलं. बाई हुंदके देत होत्या. त्याचा हात काही त्यांनी सोडला नाही.

डॉक्टर आला तोवर पोटाशी असलेलं पिल्लूही थरथरायचं थांबलं होतं. डॉक्टरबरोबर वनखात्याचे नवे साहेब होते, नैरोबीकडचे, आणि वनरक्षक कोईलेल. कोईलेल आणि सिरोंका एकाच हंगामात सुंता झालेले, एका भांड्यातलं दूध प्यालेले. असे सोबती एकमेकांना उघडं पाडत नाहीत.

"काल संध्याकाळी ओढून टाकलीय," डॉक्टर गाईपाशी बसून म्हणाला.

"कुणाची आहे?" साहेबांनी विचारलं. "कान बघा."

कोईलेल वाकला. ताजा काप त्याला दिसला. त्याने मान वर करून सिरोंकाकडे एकदाच बघितलं.

"डावा कान नाही, साहेब. तरसाने नेला असणार."

सिरोंका गाडीकडे वळला.

"तरसाने नाही!" गाडीतून बाई म्हणाल्या. त्यांना मदत करायची होती, दुसरं काही नाही. "सिरोंकाने घेतलाय. त्याच्या खिशात आहे. गाईचा जीव परत यावा म्हणून. तुमचा केवढा सुंदर रिवाज आहे तो!"

साहेब वळले. "कोईलेल, तू मासाईच ना? आहे असा रिवाज?"

कोईलेल बुटाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "नाही, साहेब."

सिरोंकाने रुमाल काढून गाडीच्या बॉनेटवर उलगडला.

"कुणाची ही खूण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या घराची," कोईलेलने तोंड उघडायच्या आत सिरोंका म्हणाला. "आईची गाय. विष मी घातलं."

"येड्या!" कोईलेल दबक्या आवाजात म्हणाला. "तोंड आवर."

"मी घातलं, साहेब. काल संध्याकाळी. एकट्याने."

कोईलेलने दुसरीकडे तोंड फिरवलं. साहेबांनी बेड्या मागवल्या. सिरोंकाने हात पुढे केले आणि जाता जाता गाडीकडे बघितलं. मार्गिटबाई नवऱ्याच्या अंगाला चिकटून बसल्या होत्या आणि सिरोंकाचा हात धरलेला तो आपला हात रुमालाने पुसत होत्या. काल संध्याकाळभर हा माणूस आपल्याच शेकोटीपाशी गोष्टी सांगत बसला होता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. या वेळी मात्र बाई काहीच बोलल्या नाहीत.