आठम-चौदसला चालणारा आमचूर

[ आमचूर ]

शहाद्यात सासऱ्यांच्या कापड दुकानाच्या माडीवर बसून फाल्गुनी रोज सकाळी सर्चमध्ये हा एक शब्द टाइप करते. परवापर्यंत वरच्या रांगेत तिचं पाकीट दिसायचं. ज्या मोठ्या ऑनलाइन दुकानात ती माल विकते, ते दुकान सर्चवाल्यांना जाहिरात देऊन तिथं दाखवायचं.

आज रांगेत सगळी अनोळखी पाकिटं.

[ आमचूर घरपोच ]

नाही.

[ धडगावचा आमचूर ]

एक जुनी बातमी. दोन फोटो. नाही.

पार्सलं न्यायला हेमराज आला. रिकामं पोतं झटकत म्हणाला, "भाभी, आज बी काहीच नही? मी काय फक्त चहा पेवाले येस का?"

[ ऑनलाइन दुकान सर्चमध्ये का दिसत नाही ]

तिनं मोठ्या दुकानाच्या हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, तुमचं पान चालू आहे."

"मग गिऱ्हाईक कुठंय?"

"आम्ही सर्चवर जाहिराती देणं थांबवलंय. सर्चवालेच आता दुकानदार व्हायला बघतायत ना. लोकांनी सरळ आमच्याकडे येऊन शोधावं, असं वरून ठरलंय."

"तोवर माझा माल काळा पडेल."

"आणखी काही मदत करू का, मॅडम?"

माल म्हणजे धडगावच्या वरच्या पाड्यातल्या मोहिनीचा आणि तिच्या अकरा शेजारणींचा. कैऱ्या सोलून, चिरून, वाळवलेल्या पांढऱ्या फोडी. उन्हाळ्यात फाल्गुनीनं शब्द दिला होता, सगळा मी उचलीन. त्या शब्दावर त्यांनी बाजारातल्या व्यापाऱ्यांना परत पाठवलं. निम्मा तिनं उचलला. निम्मा मोहिनीच्या खाटेखाली आहे. आषाढाची ओल लागली की फोडी काळ्या पडतात, मग त्यांना कुणी हात लावत नाही.

"गाडी कधी पाठवते, ताई?" मोहिनीनं कालच विचारलं होतं.

"पाठवते," एवढंच ती म्हणाली होती.

[            ]

दुपारी जेवताना सासरे, चंपालाल, वैतागलेले. "सकाळपासून तिसरा फोन. आमचूर पाहिजे म्हणे. मी म्हटलं, कापडाचं दुकान आहे, राँग नंबर."

फाल्गुनीचा घास हातातच राहिला. "बाऊजी, त्यांना तुमचा नंबर कुठून मिळाला?"

"मला काय माहीत? एक जण विचारत होता, आठम-चौदसला चालणाराच आहे ना?"

दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःची छोटी वेबसाइट केली होती. वस्तूचं नाव काय लिहू, विचारल्यावर बाऊजींनी गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगितलं होतं: आठम-चौदसला चालणारा, उन्हात वाळवलेला, दिवस मावळायच्या आत उचललेला आमचूर. तिनं हसत हसत ते सगळं नावाच्या जागी भरलं. फोन नंबर दुकानाचा. मोठ्या दुकानानं असलं लांबलचक नाव नाकारलं, आणि ती ही साइट विसरूनच गेली.

आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, जैन घरांत हिरवं काही चिरत नाहीत. लिंबू नाही, टोमॅटो नाही. आंबटाला आमचूर. आणि हे नियम कडक पाळायचा चातुर्मास चार दिवसांवर होता.

[ आठम चौदसला चालणारा आमचूर ]

वर मोठ्या दुकानाची जाहिरात नव्हती. ती उठून गेलेली. पहिलंच नाव तिच्या साइटचं.

तिनं तिघांनाही उलट फोन केला. तिसरे गुजरातमधल्या एका भोजनशाळेचे व्यवस्थापक निघाले. "चार महिन्यांचा लागेल. पण दिवस मावळायच्या आत उचललेला, हे खरं की नुसतं लिहिलंय? रात्री उघड्यावर जीवजंतू बसलेला आम्हाला चालत नाही."

तिनं मोहिनीला विचारलं.

"दव पडायच्या आत नाही उचलला तर काळा होतो," मोहिनी म्हणाली. "आम्हाला काय वेड लागलंय रात्री बाहेर ठेवायला?"

तिनं हेच उत्तर शब्दशः व्यवस्थापकांना कळवलं. ते हसले. "आहे तेवढा पाठवा."

तिसऱ्या दिवशी जीप घाट उतरून आली. हेमराज पोत्यांच्या थप्पीकडे बघत राहिला. "भाभी, हाई मन्हा पोतामा कसं मावी?"

मोहिनीचा फोन आला. "ताई, खाटेखाली हात घातला. जमीन लागली."

फाल्गुनी कितीतरी दिवसांनी माडीवर पाय पसरून बसली. मोठं दुकान आणि सर्चवाले उद्या पुन्हा एक होतील, किंवा नव्यानं भांडतील. बघू.

खाली फोन वाजला. चंपालालनी उचलला.

"हां, आमचूरचंच दुकान." जरा थांबून, "कापड पण आहे."