रेड्याला टेम्पोचं इंजिन

"बाबा, आता गाडी चालवू नका" हे वाक्य आमच्या घरात कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून आम्ही गाडीचं इंजिन बदललं. वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. घरातली सगळी माणसं शिकलीसवरलेली आहेत आणि सगळ्यांच्या जिभा जागेवर आहेत. एरवी त्या भरपूर चालतातही.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गुरांचे डॉक्टर होते. आडरानातल्या गोठ्यांवर जाता यावं म्हणून त्यांनी जीपसारखा एक फोर-बाय-फोर ट्रक घेतला होता. उंच, चौकोनी, समोरच्यावर चालून येईल असं तोंड. घरात त्याला रेडाच म्हणतात. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. रेडा पेट्रोल पितो म्हणण्यापेक्षा पेट्रोलने आंघोळ करतो म्हटलेलं बरं, पण आवाज मात्र इतका मऊ की चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागे. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी बाबा रेडा काढायचे, आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, शेजारी बसवायचे, ओढ्यातल्या दगडगोट्यांवरून टेकडीवर जायचे, थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत यायचे. बाकीचा आठवडा त्या रविवारची वाट बघण्यात जायचा. रेडा गेला तर बाबांकडे उरणार काय, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर सगळ्यांची दातखीळ बसली होती.

सासूबाई गाडीत बसल्या की त्यांची टकळी सुरू. "अहो, उजवीकडे तो पांढरा दगड बघा. पुढे खड्डा केवढा पडलाय हो. ही सायकलवाली पोरं कुठूनही घुसतात बाई." घरात मोजून मापून बोलणारी बाई गाडीत रेडिओ व्हायची. मी मागच्या सीटवर कानात कापसाचे बोळे घालून बसायचे आणि बाबांच्या सहनशक्तीला मनातल्या मनात नमस्कार करायचे.

मग एका रविवारी बाबांनी रेडा शेजाऱ्याच्या कंपाउंडच्या भिंतीत घातला. दिवसाढवळ्या. भिंत आडवी झाली, रेड्याला जेमतेम खरचटलं. "ब्रेक लागला नाही," बाबा म्हणाले. आईंचा सर्दीने घसा बसला होता, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेजाऱ्याने मात्र दोघांच्या वाटचं बोलून घेतलं.

बाबा झोपायला गेल्याबरोबर जेवणाच्या टेबलाशी बैठक बसली. नवरा म्हणाला, "तूच सांग ना त्यांना. सुनेचं ऐकतील." नणंद म्हणाली, "मला रडू येईल." मी म्हणाले, "वडील तुमचे, सांगायचं मी?" सगळ्यांनी या मुद्द्यावर गंभीरपणे माना हलवल्या आणि काही झालं नाही.

तेव्हा नणंदेच्या नवऱ्याने खुर्ची पुढे ओढली. त्यांना सगळं घर जावईबापू म्हणतं. त्यांचं पडद्यांचं दुकान आहे, पण इंजिनांबद्दलचे व्हिडिओ त्यांनी इतके पाहिले आहेत की गिऱ्हाइकाला पडदा दाखवता दाखवताही ते पिस्टनवर घसरतात.

"सांगायचं कशाला?" ते म्हणाले. "एक छोटं डिझेल इंजिन बसवून टाकू. गाडी पळणारच नाही. बाबांना सांगायचं, मायलेजसाठी केलं."

"आणि टेकडी?" मी विचारलं.

"वहिनी, ताकद नाही बघायची. टॉर्क बघायचा."

माझा नवरा असा काही खूश झाला, की जणू टॉर्क हा शब्द कुणीतरी जन्मभर त्याच्यापासून लपवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांना योजना सांगितली. बाबांनी मान थोडी तिरकी करून ऐकलं. हल्ली ते कुणाकडे सरळ बघत नसत. आम्ही त्याला तुसडेपणा म्हणायचो.

"हलकं इंजिन बसवलं की पुढच्या स्प्रिंगा उचलणार," ते म्हणाले. "गिअरबॉक्सला जोडायला वेगळी प्लेट कातावी लागणार. आणि वाचलेल्या तेलातून हा सगळा खर्च निघायचा, तर मला शंभरी ओलांडून पुढे बरंच जगावं लागेल."

"म्हणजे नको?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती.

"बसवा की," बाबा म्हणाले. मग विचारलं, "अजून काही सांगायचंय का कुणाला?"

"नाही, नाही," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. शाळेतली प्रार्थना आम्ही कधी इतकी एकत्र म्हटली नसेल.

मिस्त्री गल्लीच्या टोकालाच होता. दूध पोचवणाऱ्या एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं इंजिन त्याने कुठूनसं पैदा केलं. रेड्याच्या पोटात ते ठेवल्यावर चहूबाजूंनी इतकी जागा उरली, की मधे स्टूल टाकून बसता आलं असतं.

"बसेल ना नीट?" मी विचारलं.

"सगळं बसतं. मागे मी बोटीत ट्रॅक्टरचं इंजिन बसवलं."

"मग, चालली का बोट?"

"इंजिन बसलं," मिस्त्री म्हणाला.

मी दातांच्या कवळ्या बनवते. केसभर फरक राहिला तरी म्हातारी माणसं कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवतात आणि बोळक्या तोंडाने माझा उद्धार करतात. त्यामुळे ती जाड प्लेट, इंजिन पेलायला घरच्या घरी जोडलेले ते लोखंडी कान, एका नळीला दुसरी नळी चढवून वर आवळलेली पट्टी, हे बघताना माझेच दात शिवशिवत होते. जुनं इंजिन ताडपत्रीत गुंडाळून मागच्या अंगणात आलं, बरोबर माझ्या कपड्यांच्या दोरीखाली. चादरी वाळत घालायच्या तर त्याला प्रदक्षिणा घालावी लागे.

शेवटी रेडा तयार झाला. पुढचं वजन कमी झाल्यामुळे नाक वर करून उभा होता, गावात नवीन श्रीमंत झालेल्या माणसासारखा. मिस्त्रीने डॅशबोर्डखालची एक काळी मूठ दाखवली. "हे चावीने बंद होत नाही. ही ओढायची. आतली तार तेल तोडते."

रविवारी सगळे निघालो. बाबा चालवायला, शेजारी आई, मागे नवरा आणि मी. जावईबापू व्हिडिओ काढायला मोटारसायकलवरून आधीच ओढ्यावर जाऊन थांबले होते. बाबांनी इंजिन सुरू केलं मात्र, आरशापासून माझ्या कानातल्यापर्यंत सगळं थडथडायला लागलं. दाराचा आवाज वेगळा, छपराचा वेगळा. नवरा माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "स्मूद आहे ना?"

योजना मात्र यशस्वी झाली होती, हे कबूल करायला हवं. रेडा पळत नव्हता. एक कुत्रं आम्हाला ओलांडून पुढे गेलं आणि वाट बघत थांबलं.

आईंचं तोंड हलत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं. बाबा सारखे त्यांच्याकडे कान नेत होते. "काय?" असं त्यांच्या ओठांवर दिसत होतं. आई आणखी जोरात बोलत होत्या, मानेच्या शिरा ताणून, आणि मला मेलीला वाटत होतं, चला, एवढा तरी फायदा झाला.

ओढ्याच्या उतारावर जावईबापू उभे होते. अंगात भडक केशरी शर्ट, हातात मोबाइल, मागे काठाचा खडक. बाबांनी रेडा पहिल्या गिअरमध्ये घातला आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घेतला. डिझेलला पायाची गरज नसते. हाच तो टॉर्क. रेडा आपला आपण सरकत निघाला, सरळ केशरी शर्टाच्या दिशेने. जावईबापू मोबाइलमधून बघत हसत होते. बाबा आता वळवतील, मग थांबवतील, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं. मग आईंनी दोन्ही हातांनी बाबांचा दंड धरला आणि त्या किंचाळल्या. ती किंचाळीसुद्धा इंजिनाने गिळली. जावईबापूंची पाठ खडकाला टेकली. त्यांचं हसू मावळलं.

मी दोन सीटच्या मधून अंग झोकलं आणि काळी मूठ ओढली.

इंजिनाने एक आचका दिला आणि ते मेलं. त्या शांततेत आईंचा आवाज घोगरा, पण स्पष्ट ऐकू आला. "थांबा हो, थांबा, समोर जावईबापू आहेत."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

जावईबापूंचा हात बॉनेटवर टेकलेला होता.

बाबांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेतून बघितलं आणि म्हणाले, "हो, आहेत." मग त्यांनी हँडब्रेक ओढला.

आई रडायला लागल्या. "मधलं दिसत नाही यांना," म्हणाल्या, "कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांकडे गुपचूप जाऊन आलो. यावर इलाज नाही म्हणाले. मग मी बघायचं आणि यांनी चालवायचं, असं ठरलं. माझा घसा बसला, त्या दिवशी ती भिंत पडली."

मला भयंकर राग आला. माझी मुलगी कितीतरी रविवारी या गाडीत बसून टेकडीवर गेली होती. रस्त्यावर इतरांचीही मुलं होती. "आई, तुम्हाला काही वाटलं नाही?" मी ओरडले. इंजिन बंद असताना ओरडण्याची काही गरज नव्हती, तरी ओरडले.

"वाटायचं ना," आई म्हणाल्या. "दर रविवारी वाटायचं."

बाबा चावीशी चाळा करत होते. "तुम्ही छोटं इंजिन बसवतो म्हणालात, तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. "म्हटलं, आता तरी कुणीतरी तोंड उघडेल. मला स्वतःहून नव्हतं रे सोडवत." एवढं बोलून त्यांनी चावी काढली आणि हात मागे नेला. मुलासमोर धरली की माझ्यासमोर, ते त्यांना दिसत नसावं. मी घेतली.

पुढच्या रविवारी मी त्यांना टेकडीवर नेलं. बाबा मागच्या सीटवर आईंच्या शेजारी खिडकीला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. हात एकमेकांपासून स्टिअरिंगवर असतात तितक्याच अंतरावर ठेवले होते. रेडा चढला, नाही असं नाही. खोकत, थरथरत, काळा धूर ओकत चढला. आई वाटभर ओरडत होत्या आणि बाबा वाटभर "काय? काय?" करत होते. टेकडीवर पोचेपर्यंत आईंचा घसा गेला. मग दोघं चहा घेऊन नुसतेच बसून राहिले. बाबांनी समोर बघितलं, नंतर तिरकं बघितलं, नंतर कप खाली ठेवला. मला बघवेना.

सोमवारी मी मिस्त्रीला सांगितलं, जुनं इंजिन परत बसव.

जावईबापू धावत आले. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? ज्या गाडीने फक्त टेकडीवर जायचं, तिला सहा सिलिंडर? काय अर्थ आहे त्याला?"

"काही नाही," मी म्हणाले. "बसव रे तू."

मिस्त्रीने मान डोलावली. त्याला दोन्ही वेळा सारखाच अर्थ दिसत होता.

रेड्याचं नाक खाली आलं. माझ्या दोरीखालची जागा मोकळी झाली. रविवारी मी चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं की नाही, हे बघायला पूर्वीसारखा डॅशबोर्डवर हात ठेवला. ओढ्याजवळ आलो तशी आईंची टकळी सुरू झाली. "पुढे वळण आलंय बरं का. पाणी आटलंय जरा. उजवीकडे तो पांढरा दगड, त्यावर सरडा बसलाय, मान वर काढून."

"दिसतोय हो आई मला," मी म्हणाले.

"तुला कोण सांगतंय?" आई म्हणाल्या, आणि सरडा कुठल्या बाजूला पळाला ते बाबांना सांगू लागल्या.