हात ओढणे: शून्य

मावशीने वर्तनशास्त्राचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केला होता आणि उत्साह नुसता उतू जात होता. पहिली विद्यार्थिनी घरचीच मिळाली, ताईची सहा वर्षांची मुलगी चिमणी. चिमणी बोलत नसे. पाणी हवं तर पाण्याचं चित्र आणून द्यायची, झोका हवा तर झोक्याचं. हे मावशीनेच शिकवलेलं, आणि घरादाराला त्याचं केवढं अप्रूप!

मग एके दिवशी चिमणी स्वतःच्या कानावर थापडा मारू लागली. मावशीचा हात ओढून कानाशी न्यायची आणि किंचाळायची.

"लक्ष वेधून घेतेय," मावशी म्हणाली. "कुणी बघायचंच नाही. दाद मिळाली नाही की थांबेल."

"अगं, पण वाढतंय!" चौथ्या दिवशी ताई रडकुंडीला आली.

"वाढणारच. सुटण्याआधी सवय उसळते, पुस्तकातच आहे. आता कच खाऊ नकोस, ताई."

शहाणीपुढे कोण बोलणार? फ्रिजवर तक्ता लागला होता. थापडा: अकरा, एकोणीस, सव्वीस. हात ओढणे मात्र नऊवरून चार, चारवरून एक. बाराव्या दिवशी शून्य. मावशीने त्यापुढे लाल चांदणी काढली.

ती चांदणी रंगवत असतानाच ताईने उशीचा अभ्रा तिच्यासमोर धरला. त्यावर पिवळा, ओला डाग होता आणि त्याला घाण वास येत होता.

हातातला रंग टाकून मावशीने चिमणीला उचललं आणि दवाखाना गाठला.

"पडदा फाटलाय," कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बारा दिवस? अहो, मोठ्या माणसाने घर डोक्यावर घेतलं असतं! आधी कान नाही का बघायचा?"

आधी शारीरिक दुखणं तपासा. पुस्तकात तेही होतं, पहिल्याच धड्यात. परीक्षेत त्यावरच्या प्रश्नाला मावशीला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पाणी, झोका, बिस्किट अशी चाळीस चित्रं तिने केली होती. 'दुखतंय'चं एकही केलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर शरम वाटली.

"भरून येईल पडदा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कान पुसायला घेतला. चिमणी कळवळली. मावशीने झटकन हात पुढे केला.

"हे घे, राणी. ओढ माझा हात. ओढ ना गं!"

चिमणीने त्या हाताकडे एकदा पाहिलं. मग मान फिरवली, ओठ घट्ट मिटले आणि स्वतःचेच दोन्ही हात मांडीखाली दाबून ती गप्प बसून राहिली.