पाडव्याचा आग्रह

जमनाबाईंच्या घरून कोणी अर्धपोटी उठला, असं बेंगळुरूच्या चिक्कपेठेत कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पाहुण्याने ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हटलं की ती त्याची भीड. आणि भीड मोडणं हे वाढणाऱ्याचं काम. घोड्यांवरून कधीकाळी इकडे आलेल्या या मराठ्यांनी आपल्या बोलीत निम्मी कन्नड मिसळू दिली, पण पंगतीतला आग्रह काही सोडला नाही. जमनाबाई तर पानावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांवरसुद्धा तूप ओतायच्या.

सहासष्ट साल उजाडलं ते दुष्काळ घेऊनच. कोलारकडची माणसं रुळांच्या कडेकडेने चालत बेंगळुरूकडे येऊ लागली. पेपरात रोज अमेरिकेच्या गव्हाची जहाजं आणि जगातली भूक कायमची मिटवायच्या परिषदा. भाषणांना तोटा नव्हता, तांदळाला होता. शेवटी मराठी महिला मंडळाने के. आर. पुरम स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेत अन्नछत्र उघडलं. ते चालवायच्या शुभदाबाई, एका कारखान्यातल्या इंजिनिअरची पुण्याहून आलेली बायको. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं की फार दिवसांच्या उपाशी माणसाला आधी फक्त पातळ आंबील, तीही वाटीवाटीने.

“जमनाक्का, प्लीज, हा रूल मोडायचा नाही,” शुभदाबाई रोज सांगायच्या.

“सरी, सरी,” म्हणजे बरं बरं, असं जमनाबाई म्हणायच्या आणि मनातल्या मनात जळायच्या. नाचणीचं पाणी वाटायचं आणि त्याला अन्नछत्र म्हणायचं! कंजूषपणाला डॉक्टरचं नाव दिलं की झालं, असंच त्यांना वाटे.

देवाप्पावर त्यांचा विशेष जीव जडला. मालूरकडचा हा दगडफोड्या. मुळात आडवातिडवा गडी, पण आता नुसता सांगाडा उरला होता. बायको वाटेतच गेली होती. आला तेव्हा त्याला पाणीही गिळवत नव्हतं. जमनाबाईंनी चमच्याने आंबील पाजून पाजून त्याला भिंतीला टेकून बसण्याइतका बरा केला. हा माणूस जगला पाहिजे, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. बाकीचे किती जगतील याचा विचार त्यांना झेपत नव्हता.

पाडव्याला शुभदाबाई घरी गुढीच्या पूजेत होत्या. जमनाबाई मात्र पहाटे उठल्या आणि महिन्याचा गूळ, डाळ, होतं नव्हतं ते तूप काढून पुरणपोळ्या करून डबा घेऊन आल्या. सगळ्यांना पुरतील एवढ्या कुठल्या व्हायला! त्यांनी देवाप्पाला कोपऱ्यात पान मांडलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याला आंबील वाढायला त्यांचा हात धजेना.

“आज युगादी आहे, अण्णा. होळिगे खा.”

देवाप्पाने पहिली पोळी खाल्ली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. दुसरी संपता संपता त्याने मान हलवली.

“साकु, अक्का.”

“साकु कसलं? सणाला दोन पोळ्यांवर कोणी उठतं? स्वल्प अजून.”

“होत नाही, अक्का.”

“माझी शपथ आहे.”

शपथ घातल्यावर तो काय करणार? ज्या बाईने हाताने भरवून उठवलं, तिचा हात मागे कसा लोटायचा? त्याने तिसरी खाल्ली आणि चौथीही खाल्ली. पाचवी जमनाबाईंनी तुकडे करून त्याच्या तोंडात घातली, आणि तो पाणी प्यायला तेव्हा त्यांना धन्य धन्य वाटलं. इतक्या दिवसांत आज कुठे आपण कोणाला जेवू घातलं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या.

दुपारी त्याचं पोट फुगलं. मग उलट्या सुरू झाल्या, घाम सुटला. डॉक्टर येईपर्यंत त्याने दोनदा “अक्का” म्हणून हाक मारली आणि दिवेलागणीच्या आत तो गेला.

डॉक्टरांनी डब्यातल्या उरलेल्या पोळ्या पाहिल्या. “उपाशी पोटाला हे विषच, बाई,” एवढं म्हणून त्यांनी बॅग बंद केली. शुभदाबाई धावत आल्या होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी जमनाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तुम्ही मुद्दाम नाही केलंत.” त्या हाताखाली जमनाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साकु म्हणजे साकु, इतकी साधी गोष्ट आपल्याला या वयापर्यंत कळू नये?

दुसऱ्या दिवशी यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, तरी आल्या. यापुढे मोजून वाटीभर आंबील, त्यावर एक थेंबही नाही, असं ठरवूनच त्या पातेल्याशी उभ्या राहिल्या. रांगेत पहिली एक तरणी बाई होती, गालांची हाडं वर आलेली. जमनाबाईंनी पळी पुढे केली, पण तिने वाटी जमिनीवर ठेवली.

“अक्का, काल देवाप्पाला दिलेलं होळिगे उरलंय का?”

जमनाबाईंनी पळी मागे घेतली. “अगं, ते खाऊन तो मेला.”

“ठाऊक आहे. मी शेजारीच होते,” ती म्हणाली. “पोट भरून गेला, अक्का. मलाही तेवढंच द्या.”

जमनाबाईंनी तिच्यामागे पाहिलं. रांगेतली माणसं एकेक करून आपापल्या वाट्या खाली ठेवत होती.