शुक्रवारी, नमाज सुटल्यावर

"आज पहले मेरी बात सुनो, बहन," सालेह म्हणाला, तेव्हा अनघाने हातातली पिशवी लिफ्टसमोरच खाली ठेवली. एरवी फोन लागला की तो 'दो मिनट' एवढंच म्हणायचा आणि फोन शैलेंद्रच्या हातात द्यायचा. आज त्याला स्वतःला काही सांगायचं होतं. रमजान संपत आला होता. ईदच्या निमित्ताने जहाजावरच्या सगळ्या माणसांना सोडायचं वरच्या लोकांनी ठरवलंय, असं तो म्हणाला. मग शैलेंद्र बोलला. त्यालाही हे कळलं होतं, पण त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

"सुटेपर्यंत कुणाला सांगू नकोस. ऋचालासुद्धा."

घरात पाऊल टाकल्याबरोबर अनघाने ऋचाला सांगून टाकलं. मायलेकी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या.

शैलेंद्र खांबेटे तेलाच्या टँकरवर चीफ इंजिनियर होता. लग्नापासूनच अनघाला त्याच्या नसण्याची सवय होती. चार महिने समुद्र, दोन महिने घर. पुण्याहून सिंगापूरला आल्यावर त्यांनी मुद्दाम ईस्ट कोस्टजवळ फ्लॅट घेतला, कारण तिथल्या बागेतून नांगरलेली जहाजं दिसायची. रविवारी सायकली घेऊन तिघं जायची आणि शैलेंद्र ऋचाला कुठलं जहाज भरलेलं, कुठलं रिकामं, ते ओळखायला शिकवायचा. गेल्या पावसाळ्यात आखातातून कच्चं तेल भरून त्याचं जहाज तांबड्या समुद्राकडे निघालं होतं. होड्यांतून बंदूकधारी आले, त्यांनी जहाज येमेनच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदराबाहेर नेऊन उभं केलं. माणसांशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण होतं ते तेल ज्यांचं होतं आणि ज्यांच्याकडे चाललं होतं, त्यांच्याशी. पण ते तेल त्यांना विकताही येत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

तेव्हापासून अनघाचा आठवडा शुक्रवारपाशी येऊन थांबायचा. काटोंगमधल्या दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर होती. डॉक्टरीणबाईंनी शुक्रवारी तिला लवकर सोडायचं ठरवून टाकलं होतं. तिकडे दुपारची नमाज सुटायची तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असायची. सालेह मशिदीतून निघून धक्क्यावर यायचा, होडीने जहाजावर जायचा आणि स्वतःच्या फोनवरून एकेकाला घरी बोलू द्यायचा. माणूस घरच्यांशी बोलला की शांत राहतो, असं सांगून त्यानेच ही परवानगी काढली होती.

सालेह त्या लोकांचा दुभाष्या होता, पण मूळचा शाळामास्तर. भूगोल शिकवायचा. शाळांचे पगार थांबले आणि बंदूकवाल्यांना हिंदी येणारा माणूस हवा होता. शैलेंद्रला इंजिनरूममधून वर यायला उशीर झाला की तो फोन बंद न करता अनघाशी बोलत बसायचा. त्याचं लहानपण जेद्दाला गेलं होतं. वडिलांचं कापडाचं दुकान, त्यात रत्नागिरीकडचा एक नोकर. हिंदी त्याच्याकडून शिकला. मग सद्दामने कुवेत घेतलं, येमेनने त्यावर हवी ती बाजू घेतली नाही, आणि सौदीने येमेनी लोकांच्या सवलती काढून घेतल्या. लाखो माणसं निघाली. सालेहच्या वडिलांनी दुकान शेजाऱ्याला देऊन टाकलं आणि गाद्या ट्रकवर टाकून सगळं कुटुंब सीमेपलीकडे तंबूत आलं.

शेजारी वाईट नव्हता, असं सालेह म्हणायचा. दर शुक्रवारी तो आणि वडील मशिदीत एकाच रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. "किताब एक, ज़बान एक," तो म्हणाला होता. "फ़र्क़ इतना कि तेल उनकी ज़मीन में निकला." हे सांगताना तो चिडलेला नसायचा. वर्गात नकाशा दाखवावा तसा सांगायचा. अनघाला तेव्हा त्या गोष्टींत रस नव्हता. इंजिनरूमच्या जिन्यावर पावलं वाजतात का, एवढंच ती ऐकत असायची.

ईद झाली. सिंगापुरात तिला हरी राया म्हणतात. समोरच्या फ्लॅटमधल्या हलीमाबाईंनी डबा भरून अननसाच्या कुकीज आणून दिल्या आणि अनघाचा हात धरून म्हणाल्या की त्यांनी नमाजात शैलेंद्रचं नाव घेतलं. अनघाने मुंबईची तिकिटं बघून ठेवली होती. सुटलेली माणसं आधी मुंबईला जाणार होती. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रबोध कारखानीसचा फोन आला.

प्रबोध कंपनीत क्रू मॅनेजर होता. तो आणि शैलेंद्र कॅडेट म्हणून एकाच जहाजावर चढले होते. इतके महिने तो रोज स्वतःहून फोन करायचा आणि बोलणी चालू आहेत, म्हणायचा. आज म्हणाला, "वहिनी, जरा ऑफिसला येता का?"

हार्बरफ्रंटला पोचेपर्यंत तिने एमआरटीच्या गाडीत तीनदा त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीतून फेरीचा धक्का दिसत होता. सुट्टीची माणसं बॅगा ओढत बाटम बेटाच्या बोटीकडे चालली होती. प्रबोधने तिला बसवलं आणि सांगितलं की माणसं सुटली. सगळी सुटली. शैलेंद्र आणि इंजिनरूममध्ये त्याच्या हाताखालचा एक फिलिपिनो ऑइलर, हे दोघं सोडून.

तिने का म्हणून विचारलं. प्रबोधने तिला समजेल असं सांगितलं. टाक्यांतल्या तेलातून सारखा वायू सुटतो. त्यात हवा मिसळली की एक ठिणगी पुरते. म्हणून हवेच्या जागी बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाक्यांत भरत राहावा लागतो. बॉयलर बंद पडला तर ते जहाज म्हणजे किनाऱ्यावर ठेवलेला बॉम्ब. आणि तो जुना बॉयलर चालवणारा माणूस तिथे एकच आहे.

"मग तुम्ही दुसरा पाठवा," अनघा म्हणाली.

त्या जहाजावर कोण जाणार होतं? तिलाही ते कळत होतं. तरी ती ते पुन्हा म्हणाली, मग आणखी एकदा. शेवटी तिने, जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. खुर्चीतून उठली आणि त्याचे पाय धरायला वाकली. प्रबोधने तिला मध्येच धरलं. तोही रडत होता.

त्या शुक्रवारी सालेहचा फोन आला तेव्हा तिने आधी विचारलं, हे कुणी केलं?

"मैंने," सालेह म्हणाला. "कमांडर सबको छोड़ रहा था. मैंने बोला, इसको मत छोड़ो."

त्याचं गाव त्याच खाडीवर होतं. मासळीवर जगणारं. जहाज पेटलं तर गाव जाईल, फुटलं तर समुद्र जाईल, आणि समुद्राशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. तेल आमच्या गावाच्या जमिनीत कधी निघालं नाही, आणि आलं ते असं आलं, असं काहीसं तो म्हणत होता.

"तुम्हारे गाँव के लिए मेरा आदमी?" अनघाने विचारलं.

"हाँ, बहन."

तिने फोन बंद केला. बंद केल्यावर तिच्या लक्षात आलं की शैलेंद्र पलीकडे उभा असणार, आणि आता तो पुढच्या शुक्रवारपर्यंत बोलणार नाही. तिने परत लावला. लागला नाही. ती लावत राहिली. ऋचाने तिच्या हातातून फोन काढून घेतला, समोर भात ठेवला.

"आई, यू ईट फर्स्ट लाह. प्लीज."

पुढच्या शुक्रवारी सालेह 'दो मिनट'सुद्धा म्हणाला नाही. फोन नुसता शैलेंद्रला दिला. शैलेंद्र बरा होता. तो म्हणाला, त्याच्यावर राग धरू नकोस, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"तू त्याच्या जागी नाहीस," अनघा म्हणाली. "तू माझ्या घरातला आहेस."

मग त्याने ऋचाच्या परीक्षेचं विचारलं.

असे काही शुक्रवार गेले. अनघा सालेहशी एक शब्द बोलली नाही. दवाखान्यात ती हसून लोकांना पुढच्या तारखा द्यायची आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. बागेत जाणं तिने सोडलं. वकिलातीत गेली, मंदिरात गेली, एकदा तर जोडे हातात घेऊन मशिदीच्या दाराशी उभी राहिली आणि कुणाला काय विचारायचं ते न सुचून परत आली. तिला कुणीतरी दोषी हवं होतं आणि ते सापडलं होतं, त्यामुळे निदान झोप लागत होती.

मग दीनानाथ आला. जहाजावरचा कुक, मालवणकडचा, साठीला टेकलेला. सुटून घरी जाऊन आलेल्यांपैकी दोघातिघांना कंपनीने जबाब द्यायला सिंगापूरला बोलावलं होतं. प्रबोधकडून पत्ता घेऊन तो संध्याकाळी घरी आला. सोफ्यावर न बसता डायनिंगच्या खुर्चीवर अवघडून बसला. अनघाने चहा केला. सालेहचं नाव तिनेच काढलं, आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं.

दीनानाथने कप खाली ठेवला.

"वहिनी, तसां नाय झालां," तो म्हणाला. मग सावरून शुद्ध बोलू लागला. "मी तिथंच होतो. शिडीच्या तोंडाशी."

ईदच्या सकाळी होडी लागली होती. कमांडरला घाई होती, सगळ्यांना चला चला करत होता. कुणी कुणाला अडवलं नव्हतं, कुणी बंदूक उचलली नव्हती. अर्धी माणसं होडीत उतरली, तेव्हा सालेह वर चढून आला. ईदचे नवे कपडे घातलेले. तो चीफसाहेबांसमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले. त्यांच्यात तसे हात जोडत नाहीत, पण त्याने जोडले. गावाकडे बोट दाखवून काही म्हणाला. चीफसाहेब लोखंडी खुंटावर बराच वेळ बसून राहिले. बॅग पायाशी होती. खालून माणसं हाका मारत होती.

"मग उठले. मला वाटलं, येतायत. तर माझ्याजवळ आले आणि विचारलं, दीनानाथ, दोन माणसांच्या भाताला पाणी किती घालायचं? मी सांगितलं. परत विचारलं, परत सांगितलं. मग खाली गेले इंजिनात."

अनघाने त्याचा कप पुन्हा भरला.

"तो मास्तर तुम्हाला म्हणाला असेल की मी थांबवलं," दीनानाथ म्हणाला. "साहेबांवर नको यायला म्हणून म्हणाला असेल."

तो गेल्यावर अनघा बाल्कनीत जाऊन बसली. एवढे दिवस दुसऱ्यावर टाकलेला राग आता कुठे ठेवायचा ते तिला समजेना. शैलेंद्रवर ठेवून बघितला. बॅग पायाशी होती, होडी खाली होती, इकडे मुलगी होती, आणि तो भाताला पाणी किती घालायचं ते विचारत होता. तिला त्याचा इतका संताप आला की तो समोर असता तर तिने त्याला मारलं असतं. आणि तो तसाच आहे हे तिला लग्नापासून माहीत होतं. ऋचाला तिने काही सांगितलं नाही. शुक्रवारी सालेहशी काय बोलायचं ते मात्र ती मनात जुळवू लागली. माफी वगैरे नव्हे. मला कळलं, एवढंच.

त्या शुक्रवारी फोन आला नाही. रात्रीच्या बातम्यांत त्या किनाऱ्यावर विमानांनी बॉम्ब टाकल्याचं सांगितलं. कुणी टाकले यावर दोन पक्षांची दोन म्हणणी होती. प्रबोधने उपग्रहाचं चित्र मिळवून सांगितलं की जहाज शाबूत आहे, चिमणीतून धूर दिसतोय, म्हणजे बॉयलर चालू आहे. सालेहचा नंबर बंद होता. पुढचा शुक्रवारही तसाच गेला, त्याच्या पुढचाही. अनघा सहा वाजता फोन टेबलावर ठेवायची आणि समोरच्या बाकावर बसायची. ऋचा पुस्तक घेऊन शेजारी बसायची. पान उलटायची नाही.

आणि एका शुक्रवारी त्याच नंबरावरून फोन आला. पलीकडे थेट शैलेंद्र होता.

"सालेह गेला," तो म्हणाला.

विमानं आली त्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर तो मशिदीतून धक्क्याकडे निघाला होता. बाजाराजवळ बॉम्ब पडला. पहाऱ्यावरची मुलं त्याच्याच गावची, त्याने शिकवलेली. त्यांनी शैलेंद्रला दफनाला नेलं. सगळ्यांनी तीन तीन मुठी माती टाकली, त्याच्या हातातही माती दिली. मी हिंदू आहे म्हणून सांगितलं, शैलेंद्र म्हणाला, तर ते म्हणाले, माहीत आहे.

आज त्याला सालेहच्या घरी आणलं होतं. फोन त्याच्या बायकोने जपून ठेवला होता. विधवेच्या रिवाजाप्रमाणे ती चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नव्हती, पडद्याआड बसली होती.

"तिला तुझ्याशी बोलायचंय," शैलेंद्र म्हणाला. "मला दोन मिनिटं पुरतात. मी बरा आहे. तू बोल तिच्याशी."

अनघा नको म्हणेपर्यंत फोन हातोहात गेला होता. कपड्याची सळसळ झाली आणि एक बाई बोलू लागली. अरबी. आवाज तरुण वाटत नव्हता. ती सावकाश, बराच वेळ बोलली. अनघाला त्यातलं सालेहचं नाव कळलं, आणि मध्येच शैलेंद्रचं, मोडलेलं. बाकी काही कळलं नाही. बाई थांबली.

मग अनघा मराठीत बोलली. दीनानाथ येऊन गेला, त्याने सगळं सांगितलं, म्हणाली. तुमच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याचा दोष अंगावर घेतला, म्हणाली. मी त्यांच्याशी शेवटी बोलले नाही, बोलायला हवं होतं. पलीकडची बाई मध्ये न बोलता ऐकत होती.

दोघींचं बोलून झालं. फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे भांड्याचा आवाज झाला, एक मूल काहीतरी मागत होतं, त्याला कुणी गप्प केलं. ऋचा खोलीतून बाहेर आली आणि तिने हलक्या आवाजात विचारलं, कोण आहे? अनघाने फोन कानावरून काढला नाही. ती थोडी सरकली आणि बाकावर लेकीला बसायला जागा केली.