पाचवी पायरी दोन बोटं ठेंगणी

पाचवी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं ठेंगणी.

*

बिडाचं पाच किलोचं वजन, मागचं दार आपटू नये म्हणून टेकवलेलं. वरचा शिक्का झिजून गुळगुळीत.

*

"हल्ली पेपरात वाचण्यासारखं असतं तरी काय!"

*

पायात दोन मोजे. एक काळा, एक गडद निळा.

*

मधल्या दाराची करकर: आधी बारीक, मग जाड, मग पुन्हा बारीक.

*

"ताई, दोरी खोटं बोलत नाही," असं गवंडी म्हणायचा. माणसांबद्दल तो काही बोलायचा नाही.

*

हे सगळं एकाच घरातलं, आणि धाकटीने ते सगळं पाहिलेलं होतं. पण पाहिलेलं एकमेकांना जोडायला सवड कुणाला होती? ती घरांचे नकाशे काढणारी. पणजोबांनी बांधलेलं दगडी घर बाबांना राहण्याजोगं करायचं तिने अंगावर घेतलं होतं, आणि आठ महिने ती डोळ्यांत तेल घालून उभी होती. काळोख्या खोल्यांत उजेड आला. पावसाळ्यात झिरपणारी भिंत कोरडी झाली. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून एक ऐसपैस दालन झालं. फरशीला इतका उतार होता की गोटी सोडली तर ती आपणहून कोपऱ्यात जाऊन बसे. तो उतार गेला. गवंड्याला सगळे पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. घरात शिरताच तो आधी भिंतीला दोरी लावी आणि मग माणसांना नमस्कार करी. अशा माणसाच्या हातून वाकडं काय राहणार? नऊच्या नऊ पायऱ्या एका उंचीच्या झाल्या.

दादाला हे सगळं म्हणजे हौसेला मोल नसल्यासारखं वाटे. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, लिफ्टचा. काम चालू असताना बाबा तिथेच होते आणि खिडकीपाशी खुर्चीत बसून असत.

"थकलेत गं," दादा म्हणाला होता. "जागचे हलत नाहीत. तिथे एकटे काय राहणार?"

शेवटी ठरलं ते असं: घर झालं की बाबांनी आठ दिवस तिथे एकट्याने काढायचे. निभलं तर ठीक. नाही निभलं तर दादाकडे, कायमचं, आणि मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. बाबांनी मान डोलावली. ते वजनमापांचे निवृत्त इन्स्पेक्टर. उभ्या हयातीत त्यांनी काट्याच्या निकालावर हुज्जत ऐकून घेतली नव्हती.

*

बाबा आले तो दिवस.

चार पायऱ्या ते झपझप चढले. पाचवीला बुटाचं टोक दगडावर थाडकन आपटलं. कठड्याला धरून ते उभे राहिले.

"शाबास!" ते म्हणाले. "नवीन पायरी का?"

"सगळ्याच नव्या, बाबा!" धाकटी कौतुकाने म्हणाली.

वर आल्यावर ते दारातून सरळ चालत गेले, नेहमीच्या तोऱ्यात, छाती काढून. अकरा पावलं. मग वळले आणि खाली बसू लागले. तिथे त्यांची खुर्ची आता नव्हती. ओटा होता. धाकटीने धावत जाऊन त्यांना सावरलं, तेव्हा त्यांचा डावा हात हवेत होता. बोटं पसरलेली. पाडलेल्या भिंतीला शोधत असलेली.

दादाने खिशातून कागद काढला. गिझरच्या गॅरंटीचा. "बाबा, एवढं वाचून दाखवा बरं."

"माझा चष्मा आण आधी."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

दादाने कागद घडी करून खिशात ठेवला. नव्या नळातून एक थेंब पडला.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"झाली चारेक वर्षं. उजेड कळतो. माणूस उभं आहे हेही कळतं. कोण ते आवाजावरून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." मग जरा नरमून म्हणाले, "जन्मभर लोकांच्या तराजूचा काटा मी बघितला. आता मला काटा दिसत नाही, हे कुणाला सांगू? आणि इथे अडतही नव्हतं. पाचवी पायरी आली की कळायचं, आता चार राहिल्या. दार करकरलं की समजायचं कुठल्या अंगाला आहे. उतार लागला की न्हाणीघर आलं. हे घरच मला धरून चालवत होतं."

आठ महिने खपून तिने बाबांसाठी जे घर केलं, त्यात जगात फक्त एकच माणूस हरवू शकत होता, आणि तो म्हणजे बाबा.

"चला बाबा," दादा हळूच म्हणाला. "गाडी खालीच आहे."

"आठ दिवस ठरलेत," बाबा म्हणाले.

"अहो, पण आता…"

"काटा शून्यावर आणल्याशिवाय वजन धरत नाहीत," धाकटी म्हणाली. "घराचं काम अजून संपलेलं नाही. मी सांगेन तेव्हापासून मोज."

हे वाक्य बाबांचंच होतं, आणि दादाही त्यांचाच मुलगा. त्याचा नाइलाज झाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र त्याने दुसऱ्या दिवशी नेलंच. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

*

बाबांनी सांगितलेलं, धाकटीने जुन्या नकाशाच्या पाठीवर लिहिलेलं:

पाचवी पायरी. मधलं दार. भिंत नको, उजेड बरा वाटतो, पण हाताला काहीतरी हवं. न्हाणीघराआधी पायाला कळलं पाहिजे. उतार नको, तुझी आई नेहमी कुरकुरायची त्यावरून. नळ डावीकडे कसला फिरवायचा, शी. खुर्ची होती तिथेच.

*

"मी नाही करणार," ओळंबा म्हणाला.

"मिस्त्री, एकच पायरी."

"ताई, चाळीस वर्षं लोकांचं वाकडं सरळ करत आलो. आता हातानं केलेलं सरळ वाकडं करू? उद्या कुणी पडलं तर नाव माझं."

"नाव माझं सांगा," बाबा जिन्यावरून म्हणाले. "तुमची पायरी सरळच होती. आता ती बरोबर पाहिजे."

ओळंब्याने टोपी काढून डोकं खाजवलं.

"दोन बोटं म्हणता. पण कुणाची?"

बाबा बसत बसत खाली आले आणि दगडावर आपली दोन बोटं आडवी ठेवली. "ही घ्या. प्रमाणित."

ओळंब्याने बोटांना लागून खडूची रेघ मारली. मग पातळी बघायची पाणसळ काढली. ठेंगणी करायची तर तीही काटेकोर ठेंगणी. एका टोकाला कमी, एका टोकाला जास्त, असलं काम त्याच्याने होणार नव्हतं. जुनी भिंत होती तिथे त्याने कमरेएवढा कट्टा बांधला. ओटा कापून खुर्चीची जुनी जागा मोकळी केली. न्हाणीघराआधी हातभर रुंदीचा खडबडीत दगड बसवला. मधल्या दाराचं मात्र अडलं. नव्या बिजागऱ्या काही केल्या आवाज करीनात. पाणी मारलं, मीठ चोळलं, ढिम्म. शेवटी ओळंबा परसातल्या ढिगाऱ्यात शिरला आणि फडक्यात बांधलेल्या जुन्या बिजागऱ्या घेऊन आला.

"टाकल्या नव्हत्या?"

"मी जुनं लोखंड टाकत नाही," तो म्हणाला. "पण ताई, ही पायरी मी केली असं कुणाला सांगू नका."

*

आठ दिवस. पहिल्या दिवशी बाबांनी दूध उतू घातलं. तिसऱ्या दिवशी कट्ट्याच्या कोपऱ्याने मांडीला काळंनिळं केलं. पाचव्या दिवशी धाकटी फोन न करता आली, तर ते मधलं दार उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते, आणि काहीच काम करत नव्हते. ती आल्या पावली परत गेली.

आठव्या दिवशी दादा आला. बाबांची बॅग नेता येईल म्हणून गाडीची डिकी त्याने रिकामी करून आणली होती. चार पायऱ्या चढला, पाचवीला पाय चुकला आणि गुडघ्यावर बसला.

"अरे," वरून बाबांचा आवाज आला, "बघून चाल!"

दादा कळवळत हसला. वर येऊन बसला. बाबांनी उठून माठातून पाणी आणलं. कट्ट्याला डाव्या हाताची पाठ लावून, अकरा पावलं. थोडं सांडलं. दादाने ते बघितलं. मोज्यांकडेही बघितलं.

"कपाटात काळे मोजे डावीकडे ठेवू?" त्याने विचारलं.

"ठेव. आणि निळे नेऊन टाक तुझ्याकडे."

*

तीन वर्षांपूर्वी, आई गेली त्याच्या आदल्या वर्षी, सुतार मधल्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायला आला होता. आईने त्याला चहा दिला आणि दाराला हात न लावू देता परत पाठवलं.